मदत हवी आहे: मोठ्यांची पट्टी आणि मुलांची पट्टी

नमस्कार मंडळी. बेळगावातला आमचा गायनवृंद शाळांच्या मुलांसोबत कार्यक्रम करतोय. खानापूरकडची मराठी शाळा आणि शहरातली कन्नड शाळा. दोन्ही शाळांची मुलं अभंग आणि वचनं (कन्नड शरणांची भक्तिकाव्यं) एकत्र गातात, ऐकून ऊर भरून येतो!

अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या स्वरावर धरायचा याची. आमचे पुरुष काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) खुलतात, पण तिथे अंतऱ्याला, चाल वर चढते तेव्हा, मुलं ओरडतात. काळी चार घेतली तर पुरुषांचे गळे ताणतात. कोवळे गळे दुखावलेले मला चालणार नाहीत.

जसरंगी जुगलबंदीत गायक-गायिका आपापल्या पट्टीत गातात, तसं मुलांनी आमच्या मध्यमाला (म) षड्ज (सा) मानून काळी तीनमध्ये गायलं तर? समूहात कुणी केलंय का? तानपुरा, तबला कसा लावलात? शालेय समूहगान शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.