लो केलेल्या सिटीला १७ इंची की १६?

प्रश्न: २०१५ ची होंडा सिटी, कंपनीचे टायर १८५/५५ आर१६ (१६ इंची), रिम ६जे (६ इंच रुंद). स्प्रिंग बदलून ३५ मिमी खाली घेतलीये. दुकानदार १७ इंची, ७.५जे, ईटी (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिमीत) ३५ अशी चाकं गळ्यात मारतोय. मागे तिघं बसली की घासेल का?

उत्तर: घासणारच. उंचीचं सोड, २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ मिमी, तुझा ६१०. खरी भानगड रुंदी आणि ईटीची. दीड इंच जादा रुंदी म्हणजे आत-बाहेर १९-१९ मिमी. वर ईटी मूळपेक्षा जितका कमी, तितकं चाक आणखी बाहेर. मागच्या मडगार्डची आतली दुमडलेली कड टायरचा खांदा ब्लेडसारखा सोलते. माझ्या मते १६, ७जे, २०५/५० घे, व्यास ६११. कडेला मुलांची खेळायची क्ले चिकटव, तिघांना बसव, गतिरोधकावरून काढ. क्ले चेपली की समजायचं, घासतंय.

दुसरं उत्तर: बोअरही (रिमचं मधलं भोक, मिमीत) बघा. सिटीचा ५६.१, बाहेरच्या बऱ्याच अलॉयचा ७३.१. हब रिंग (भोकातली जादा फट भरणारी कडी) नसेल तर ताशी ८० किमीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

प्रश्नकर्ता: हब रिंगचं विचारलं. दुकानदार म्हणे, नट घट्ट आवळले की झालं!

उत्तर: दुकान बदल, भावा.