दोन डेटाबेस एकत्र करताना जुने आयडी ठेवायचे की नवे द्यायचे?

खाडीकाठ, रत्नागिरी
आंब्याच्या ऑर्डरींची आमची दोन ॲप्लिकेशनं आहेत, एक रत्नागिरीचं, एक देवगडचं. यंदा मोहोर धरायच्या आत देवगडचा डेटा इकडे आणायचाय. ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी, ऑर्डरीतल्या पेट्या. आयडी दोन्हीकडे १ पासून, त्यामुळे ४१२ नंबरचा ग्राहक इथे दादरचा, तिथे कोल्हापूरचा. आंधळेपणाने कॉपी केलं तर कोल्हापूरच्या पाच डझनी पेट्या दादरकरांच्या नावावर. माझं मत पक्कं आहे: सगळ्यांना नवे आयडी द्यायचे, जुना-नवा अशा जोड्यांचं टेबल ठेवायचं, आधी ग्राहक, मग ऑर्डरी, शेवटी पेट्या, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही.

कलमवाला, देवगड
मला नाही पटत. पेटीवर मार्करने ऑर्डर नंबर लिहितो आम्ही, बागायतदाराच्या वहीतही तोच. "माझी २३१७ पोचली का?" असा फोन आला की काय सांगू? त्यापेक्षा देवगडच्या प्रत्येक आयडीत आणि फॉरेन कीमध्ये (ऑर्डर कुठल्या ग्राहकाची, पेटी कुठल्या ऑर्डरची हे सांगणारा आयडी) १०००००० मिळवा. २३१७ चं १००२३१७ होईल, शेपूट तेच राहील.

दर्यावर्दी, मालवण
डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर फॉरेन कीची तपासणी बंद करून भरा, क्रमाची कटकटच नको.

खाडीकाठ
दर्यावर्दी, हे कृपा करून कुणी करू नका. तपासणी परत चालू केली तरी मधल्या काळात घुसलेल्या ओळी मायएसक्यूएल पुन्हा तपासत नाही. ऑर्डरच नसलेली पेटी तशीच पडून राहते, आणि ती सापडते ऐन एप्रिलमध्ये. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. तिथे डिफरेबल कन्स्ट्रेंट (पुढे ढकलता येणारा नियम) असेल तर तपासणी कमिटच्या, म्हणजे बदल पक्के करायच्या, वेळेपर्यंत पुढे ढकलता येते, पण टळत नाही.

कलमवाले, पेटीवरचा नंबर वेगळ्या कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवू, आणि शोध त्यावरच. आयडी हाताने भरण्याची मला धास्ती आहे. गेल्या वर्षी एका होमस्टेच्या बुकिंगचा डेटा नव्या डेटाबेसात असाच भरला आणि सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा काउंटर, सेटव्हॅल फंक्शनने पुढे सरकवायचा राहिला. दुसऱ्या दिवशीचं पहिलंच बुकिंग डुप्लिकेट की, म्हणजे आयडी आधीच वापरलेला, म्हणून आपटलं. पाहुणे एसटीतून उतरून दारात उभे होते.

आणि जो माणूस दोन्हीकडे ग्राहक आहे त्याचं काय? जोड्यांच्या टेबलात दोन जुने आयडी एकाच नव्या आयडीकडे वळवता येतात. तुमच्या बेरजेत तो कायम दोनदाच राहणार.

सुरुबन, गुहागर
हे सगळं निस्तरल्यावर पुढच्या टेबलांना तरी यूयूआयडी द्या, म्हणजे कुठेही बनवले तरी एकमेकांशी न जुळणारे लांब आयडी. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकातली त्यांची आवृत्ती ७ वेळेच्या क्रमाने लागते, शोधासाठीचा इंडेक्स विस्कटत नाही. बिगइंट या पूर्णांकाच्या ८ बाइटऐवजी १६ लागतील, पण टक्कर विसरा.

कलमवाला
वेगळा कॉलम असेल तर नंबरचा माझा हट्ट सोडतो. पण दोन ग्राहक एक कशावरून ठरवणार? मोबाइलवरून नको. आमच्याकडे बाप आणि मुलगा एकाच मोबाइलवरून ऑर्डर देतात, पत्ते मात्र वेगळे, एक ठाण्याचा, एक पुण्याचा.

खाडीकाठ
बरोबर आहे. मग जुळणाऱ्या जोड्यांची यादीच काढतो, तुम्ही वही घेऊन बसा. होकार दिलेल्याच जोड्या एकत्र करू, बाकीच्यांना वेगळे आयडी.