सिंगापूर: १९५९पासून एकच पक्ष, तो टिकतो कशावर?

चौकस:
पीपल्स ॲक्शन पार्टी १९५९पासून सत्तेत आहे. निवडणुका वेळेवर होतात, विरोधकही लढतात. तरी २०२५मध्ये ६५.५७ टक्के मते आणि ९७पैकी ८७ जागा. नुसत्या धाकावर इतकी वर्षे निघत नाहीत. मग कशावर? ‘स्वच्छ कारभार’ हे उत्तर कृपया नको, ते पाठ आहे.

तळमजला:
घरावर. गृहनिर्माण मंडळ १९६०चे, १९६४पासून घरे विकायला लागले. पण खरी गती आली १९६८नंतर, पीएफमधून (तिकडे सीपीएफ) घराचे पैसे भरायची मुभा मिळाल्यावर. आज पंचावन्नच्या आतल्या नोकरदाराच्या पगारातून २० टक्के आणि नोकरी देणाऱ्याकडून १७ टक्के तिथे जमा होतात. हप्ता परस्पर वळता होतो, हातातला पगार शाबूत. मतदाराची आयुष्यभराची पुंजी सरकारने बांधलेल्या भिंतींत अडकलेली. तो कशाला जोखीम घेईल?

मेख एकच: घराचा भाडेपट्टा ९९ वर्षांचा. २०१७मध्ये खुद्द मंत्र्यांनीच सांगितले की सगळ्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होणार नाही, पट्टा संपला की घर परत. ‘मालमत्ता वाढतेय’ ऐकत आलेल्यांना ते झोंबले. २०१८मध्ये ७० वर्षांच्या आसपासच्या इमारतींसाठी नवी योजना जाहीर करावी लागली.

आकडेमोड:
घर खरेच, पण मैदान सत्ताधाऱ्यांकडे किती कलते आहे तेही बघा. २०२०मध्ये मते ६१.२४ टक्के, जागा ९३पैकी ८३. कारण १९८८पासूनचे गट-मतदारसंघ: चार-पाच जणांचे अख्खे पॅनेल निवडून येते किंवा पडते, त्यात किमान एक उमेदवार अल्पसंख्य समाजाचा. अनामत माणशी १३,५०० सिंगापूर डॉलर, म्हणजे पाच जणांना ६७,५००. छोट्या पक्षाचे इथेच कंबरडे मोडते.

हे हत्यार उलटतेही. २०११मध्ये अल्जुनीड हा गट-मतदारसंघ सत्ताधाऱ्यांच्या हातून गेला, आणि त्या पॅनेलमधले परराष्ट्रमंत्रीही पडले.

तळमजला:
बरोबर, आणि त्यानंतरचे वागणे महत्त्वाचे. तेव्हा मते ६०.१ टक्क्यांवर आली होती. बहुमत भक्कम असूनही पक्षाने तो पराभवासारखा घेतला. २०१२मध्ये मंत्र्यांचे पगार कापले, पंतप्रधानांचा तर ३६ टक्के. नव्या घरांचा पुरवठा वाढवला, २०१४मध्ये ज्येष्ठांसाठी आरोग्य-सवलती आणल्या. २०१५ला ६९.९ टक्के! (देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू त्याच वर्षी वारले, त्या सहानुभूतीचा वाटा वेगळा काढता येत नाही.)

चौकस:
पण कुठे दुखतेय हे पाच वर्षे कसे कळते?

आकडेमोड:
आठवड्यातून एका संध्याकाळी खासदार वॉर्डात बसतो, बहुधा इमारतीच्या तळमजल्यावर. कार्यकर्ते तक्रार टिपून संबंधित खात्याला पत्र तयार करतात, खाली सही खासदाराची. दंड, भाडे, परवाना, काहीही. खासदाराला हुकूम देता येत नाही, विनंतीच करता येते. काम होईलच असे नाही. पण एकाच विषयाची पत्रे वाढू लागली की पक्षाला मतपेटीआधीच सुगावा लागतो.