बाबांचं कॅसेट-व्हीसीडीचं कपाट ठेवू की ॲपच्या भरवशावर सोडू? सल्ला हवाय

डोंबिवलीची_लेक:
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, पुढच्या महिन्यात भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय आणि बाबांचं गाण्या-नाटकांचं कपाट हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न झालाय. १४० च्या आसपास कॅसेट, नाटकांच्या ६०-एक व्हीसीडी, ३० डीव्हीडी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ म्हणतो आता सगळं ॲपवर असतं, महिन्याचे पैसे भरतोच आपण, कशाला ओझं वाहायचं. त्याचं मला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, कारण खरंच गेल्या चार वर्षांत मी त्यातलं काही लावलेलं नाही, डीव्हीडी प्लेअरही बंद पडलाय.

पण परवा आवरताना टीडीके कंपनीची एक नव्वद मिनिटांची कॅसेट निघाली, वर बाबांच्या बारीक अक्षरात "आकाशवाणी, नाट्यसंगीत, रविवार" एवढंच. शेजारच्या काकांकडे जुना टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) आहे त्यावर लावून बघितली. बाबा त्या काळी रेडिओसमोर टेप ठेवून रेकॉर्ड करायचे, त्यामुळे पदाच्या मधेच कुकरची शिट्टी होते आणि आजी हळूच विचारते, "झालं का रे, बोलू का आता?" मी काकांकडेच बसून राहिले तासभर.

तर काय ठेवू, काय देऊन टाकू, आणि कॉम्प्युटरवर घ्यायचं तर घरी जमतं का दुकानात द्यावं?

टेपडेक:
ताई, घाईत काहीही टाकू नका. रेडिओवरून घेतलेल्या, घरी भरलेल्या कॅसेट आधी वेगळ्या काढा, त्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत, त्यांचं काम पहिलं.

लावायच्या आधी कॅसेट उजेडाकडे धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, तशी कॅसेट अजिबात लावू नका, टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. मग खालच्या बाजूला मधोमध बघा, पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकून तुकडा गळून पडतो, आवाज बोदा येतो आणि लोकांना वाटतं टेपच गेली. पाच स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या बिनकामाच्या कॅसेटमधली पट्टी बसवता येते. लावताना आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. चार-पाच कॅसेट झाल्या की हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाची काडी चालते.

टेप डेकच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर द्यायचं भोक) वायर यूएसबी साउंड कार्डला, तिथून लॅपटॉपला, रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्याच मापाचं, तासाला साधारण ६०० एमबी. नंतर तिची फ्लॅक प्रकारची फाइल केली की जागा निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजातलं काहीच जात नाही. वेळ मात्र लागतो, नव्वदची कॅसेट दीड तासच घेणार, रोज एक धरली तरी तुमचं काम साडेचार-पाच महिन्यांचं आहे.

दुकानाचं म्हणाल तर मी वीसेक कॅसेट एका ठिकाणी दिल्या होत्या. त्यांनी १२८ चं, म्हणजे हलक्या दर्जाचं, एमपीथ्री करून दिलं आणि गाण्यांमधली शांतता "साफ" केली, त्यात निवेदिकेची अर्धी वाक्यं आणि दोन ठिकाणी आलापाची सुरुवातच कापली गेली. तुमच्या आजींचं वाक्य कुणीतरी खरखर समजून काढून टाकेल हो. मूळ कॅसेट हातात होत्या म्हणून मला परत करता आलं, त्यामुळे फाइल झाली तरी मूळ टाकायचं नाही.

पेठेतला_श्रोता:
वरच्याशी पूर्ण सहमत. विकतच्या कॅसेटबद्दल सांगतो. एक वही घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा, हेच ध्वनिमुद्रण ॲपवर आहे का. "हेच" ह्यावर जोर, कारण तोच गायक, तोच राग सापडतो पण मैफल वेगळी असते, आपण नाव बघून हो म्हणतो. आणि आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तबल्याला कोण, ऑर्गनला कोण हे त्या कागदावरच असतं, ॲपवर बरेचदा एकच नाव आणि तेही चुकलेलं.

सगळं ॲपवर असतं हे मराठीच्या बाबतीत खरं नाही. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने काय काय काढलं, ते दुकान गेलं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ ला बंद झालं. मोझर बेअरने २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकली, घराघरात सिनेमे पोचवले, २०१८ मध्ये ती कंपनीही लिक्विडेशनला गेली, म्हणजे गुंडाळायला निघाली. काढणारा नाही, विकणारा नाही, मग हक्क कोणाकडे हेच कळेनासं होतं आणि हक्क कळत नसतील तर ॲपवाला त्याला हातच लावत नाही. अशा वेळी कुणाच्या तरी कपाटातली प्रत हीच खरी प्रत.

सरकारी संग्रहात असेल की, असंही म्हणू नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट रिळांच्या (जुनी, पटकन पेट घेणारी फिल्म) गोदामाला आग लागली, प्रभातची रिळंसुद्धा त्यात गेली. ज्यांच्या दुसरीकडे प्रती होत्या तेवढंच वाचलं. आपल्या घरालाही हेच लागू, हार्ड डिस्क दोन घ्या आणि एक भावाकडे ठेवा.

साधी_गोष्ट:
थोडं वेगळं मत. डीव्हीडीतले गाजलेले हिंदी सिनेमे देऊन टाका, ताई. ते कुठे ना कुठे मिळत राहतील, महिना-दोन महिने एका ॲपवरून गेले तर दुसऱ्यावर येतात. वन बीएचकेत माणसांनाही जागा लागते.

न्यूजर्सीची_मावशी:
मिळत राहतील हे तुम्ही भारतात बसून म्हणताय. इथे तेच ॲप, तेच पैसे, पण यादी वेगळी, कारण हक्क देशागणिक विकलेले असतात. आई तिकडे फोनवर सांगते अमुक नाटक बघ, इथे शोधलं की नाहीच. आणि पैसे देऊन "बाय" केलेलं पण आपलं नसतं बरं का, मी घेतलेला एक मराठी सिनेमा माझ्या यादीतून नाहीसा झाला, विचारलं तर उत्तर आलं की परवाना संपला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झालाय, नुसता परवाना विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा म्हणून. माझ्याकडे पंधरा वर्षांपूर्वी आणलेल्या नाटकांच्या डीव्हीडी आहेत, दर गणपतीत लागतात, कुणाची परवानगी लागत नाही.

टेपडेक:
व्हीसीडीचं राहिलं. चित्र ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणार, त्याला इलाज नाही. एका चकतीत ७४ ते ८० मिनिटं बसतात म्हणून नाटक दोन-तीन चकत्यांत असतं, जोड्या तुटू देऊ नका. डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीवाला घ्या, आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातली डॅट फाइल व्हीएलसी ह्या प्लेअर सॉफ्टवेअरवर चालते. ६० चकत्या म्हणजे फार तर ५० जीबीच्या आसपास. नाटकांच्या व्हीसीडी मी असतो तर सिनेमांच्या आधी केल्या असत्या, त्या संचातली नटमंडळी आता पुन्हा उभी राहणार नाहीत.

डोंबिवलीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला बसवून दोघांनी निवडलं, बाबांनी स्वतः भरलेल्या २३ कॅसेट निघाल्या. त्या बुटांच्या खोक्यात घातल्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. सिनेमांच्या बावीस डीव्हीडी सोसायटीतल्या एकांना दिल्या. आजीची कॅसेट भावाने पण ऐकली, आता तोच म्हणतोय दुसरी हार्ड डिस्क माझ्याकडे.

टेपडेकदादा, काकांच्या टू-इन-वनला लाइन आउट नाहीये, फक्त हेडफोनचं भोक आहे. चालेल का?

टेपडेक:
चालेल. आवाज निम्म्यावर, टोनचं बटण मधोमध, बास बूस्ट असेल तर बंद. आधी एखादी विकतची कॅसेट लावून पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, आजींची कॅसेट सगळ्यात शेवटी, हात बसल्यावर.