टेरेस गळतंय: नवा कोबा, केमिकल की पत्रा?

रुईकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. घर 1998 चं, आरसीसी, तळमजला आणि वर एक मजला. टेरेस 30 बाय 30 फूट, वर वीटतुकड्यांचा जुना कोबा. नैऋत्येच्या बेडरूमचं छत आणि भिंतीचा वरचा हातभर भाग दर पावसाळ्यात ओला होतो. त्याच छताचं फूटभर प्लॅस्टर पडलंय आणि आतली गंजलेली सळई दिसते. तीन कॉन्ट्रॅक्टर बघून गेले, तिघांची तीन मतं. एक म्हणतो जुन्यावरच चार इंची नवा कोबा घाला, दुसरा म्हणतो केमिकलचे दोन हात मारा, तिसरा म्हणतो पत्रा टाका आणि विषय संपवा. वळीव सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय. काय करावं?

स्लॅब_आणि_सळई

कोब्यावर कोबा अजिबात नको. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो. तुमची टेरेस 84 चौरस मीटर, म्हणजे सोळा-सतरा टन कायमचा बोजा. वापरायच्या गच्चीचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला 150 किलो जादा भारासाठी डिझाइन करतात. जुन्या कोब्याचं वजन आधीच बसलंय, सळई गंजायला लागलीय, त्यात ही भर कशाला? शिवाय दोन कोब्यांच्या मध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. ते भलत्याच ठिकाणी उतरतं, आणि मग गळती कुठली हे देवालाही सापडत नाही.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. ओल उन्हाळ्यातही राहत असेल तर टाकी किंवा पाइप बघा. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करा, सकाळी पाणी उतरलं असेल तर टाकीच गळतेय. ओल फक्त पावसात येत असेल तर टेरेसवर पाणी साठवून चाचणी घ्या. पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाचं तोंड वाळूभरल्या पिशवीने बंद करायचं, संशयाच्या कोपऱ्याभोवती विटेचा एक थर लावून बांध घालायचा आणि आत दोन इंच पाणी ठेवायचं. कोबा जाड असल्यामुळे 24 तास पुरत नाहीत, 72 तास ठेवा. सळई उघडी पडलेल्या भागाखाली मात्र आधी टेकू लावा, आणि दोन इंचांच्या वर पाणी नको.

छत कोरडं राहिलं तर पाणी सोडून द्या आणि कोपरा दोन दिवस वाळू द्या. मग बाहेरच्या भिंतीवर होजपाइपने पाणी मारा. सुरुवात खालून करायची, तासाभराने वर सरकायचं, कठड्याचा माथा सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

थापी_ओळंबा

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा झोडपतो. नैऋत्येचा कोपरा म्हटल्यावर माझा पहिला संशय कठड्यावर.

कोबाही तपासून घ्या. हातोडीने हळू ठोकत फिरा. भरीव आवाज आला तर हात लावू नका. ढबढब वाजलं तर तेवढा तुकडा छिन्नीने काढा, ब्रेकर मशीन लावू देऊ नका, त्याचे हादरे स्लॅबला बसतात. मलबा एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोज खाली उतरवा. पॅच भरताना विटांचे तुकडे रात्रभर भिजवलेले हवेत, नाहीतर ते मालातलं पाणी ओढतात आणि कोबा पुन्हा पोकळ होतो. माल 1:4, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. नंतर आळं करून सात दिवस पाणी.

ढाळ शंभराला एक तरी पाहिजे, म्हणजे 30 फुटांत साडेतीन इंच. चार इंची पाइप दोन तरी हवेत. एकच असेल तर जोराच्या सरीला पाणी तुंबून कठड्याच्या बुडाशी चढतं. तिथे वाटा (कोपऱ्यात मालाने केलेली गोलाई) नसेल, म्हणजे कोबा आणि कठडा काटकोनात भेटत असतील, तर तिथली चीर ठरलेली.

डबा_आणि_ब्रश

केमिकल वाईट नाही, पण टेरेसवर पुरेसं पडत नाही ही खरी भानगड आहे. 900 फूट टेरेस, अधिक कठड्यावर फूटभर चढवायचं म्हणून 120 फूट, म्हणजे साधारण 95 चौरस मीटर. अॅक्रिलिक कोटिंगचे सगळे हात मिळून चौरस मीटरला निदान एक लिटर जायला हवं. म्हणजे 20 लिटरच्या पाच बादल्या. कॉन्ट्रॅक्टर दोन बादल्यांत काम संपवत असेल तर त्याने पाणी घालून रंग दिलाय, वॉटरप्रूफिंग नाही. कोटेशनमध्ये फुटाचा दर मागू नका. किती लिटर, किती हात ते लिहून घ्या आणि रिकाम्या बादल्या मोजा.

हात एकमेकांना आडवे-उभे मारायचे. कोपऱ्यात आणि चिरांवर पहिल्या ओल्या हातात फायबरची जाळी बसवायची. चीर आधी व्ही आकारात सेंटिमीटरभर खोदून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायची, वरून नुसता ब्रश फिरवून ती बुजत नाही. दुपारी काम नको. तापलेल्या कोब्यावर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालून फोड येतात.

पत्रेवाला_उद्यमनगर

पत्र्याचाही विचार करा. टेरेस सावलीत राहते, वरची खोली थंड राहते, कपडे वाळतात. फक्त काम नीट पाहिजे. खांब खालच्या आरसीसी कॉलमच्या डोक्यावरच यायला हवेत. विटेच्या कठड्यावर उभे केलेले खांब वळवाच्या पहिल्या वावटळीत कठड्यासकट हलतात. वारा पत्र्याला खालून उचलतो, त्यामुळे वजनापेक्षा पकड महत्त्वाची. पत्रा 0.5 मिमीचा कलर कोटेड, स्क्रू रबर वॉशरचे, पश्चिमेला दोन फूट बाहेर. बेसप्लेटसाठी कोब्यात भोकं पाडली तर तीच नवी गळती. बाजू मोकळ्या ठेवा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारून घ्या.

स्लॅब_आणि_सळई

भाऊ, पत्र्याबद्दल सगळं मान्य. पण पाणी भिंतीतून येत असेल तर पत्रा घालूनही ओल तशीच राहील आणि सळई झाकून गंजत राहील.

रुईकर_कॉलनी

चाचणी केली. टेकू लावून 72 तास पाणी ठेवलं, छत कोरडं. भिंतीवर खालून वर आलो तोवर काही नाही. कठड्याच्या माथ्यावर पाणी सोडल्यावर मात्र दोन तासांत आत ओल. माथ्यावर लांब चीर आहे आणि त्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला आहे. कोबा दोन ठिकाणीच पोकळ वाजतो. आता पुढे?

थापी_ओळंबा

मग तिघांचंही कोटेशन बाजूला ठेवा. माथ्याचं पोकळ प्लॅस्टर काढा, पॉलिमर मॉर्टरने नवा माथा करा, अर्धा इंच ढाळ टेरेसच्या बाजूला. बाहेरच्या कडेला खालून खाच ठेवा म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता गळून पडतं. बाहेरून विटा आणि बीम भेटतात त्या रेषेवर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच चिकन मेश (बारीक तारेची जाळी), मग 1:4 चं प्लॅस्टर दोन थरांत. बुडाशी वाटा. कोब्याचे दोन पॅच भरा आणि कोटिंग सध्या त्या दोन पॅचवर, वाट्यावर आणि कठड्यावर फूटभर करा, पूर्ण टेरेसला नको.

स्लॅब_आणि_सळई

छताचं काम वरचं झाल्यावर. फक्त लोंबतंय ते प्लॅस्टर आजच पाडून टाका, खाली कोणी झोपत असेल. नंतर टेकू तसाच ठेवून काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत, पाऊण इंच मोकळं होईल इतकं काढायचं. गंज वायरब्रशने चकाकेपर्यंत काढा, झिंक प्रायमर लावा, जुन्या काँक्रीटला बाँडिंग कोट (नवा माल धरून ठेवणारा हात) द्या आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर थराथराने दाबा. सळईची जाडी चौथाई झिजलेली दिसली तर गवंड्यावर सोडू नका. जोडसळई किती आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगायचं. आणि त्यावर पीओपीचं छत घालायचा मोह टाळा, पुढची चीर दिसणारच नाही.

रंगाआधी छताला फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. 24 तासांनी त्याच्या आत थेंब दिसले तर अजून वाळू द्या.