कागदाचे हिमकण सहा टोकांचे कसे कापायचे?

घोडबंदरची_आई:
ख्रिसमसला सोसायटीच्या हॉलच्या खिडक्या सजवायच्यात, मुलं मिळून करणार आहेत. कागद अर्धा, परत अर्धा, मग तिरका दुमडून कापला की नक्षी सुंदर येते पण चार नाहीतर आठ टोकांची, आणि माझी लेक अडून बसलीये की बर्फाचा कण सहाच टोकांचा असतो. घडी कशी घालायची? आणि पोरांच्या कात्रीने जाड घडी कापतच नाही, कागद कोणता घेऊ?

नेरुळकर:
ताई, लेक बरोबर बोलतेय. नुसतं अर्धं-अर्धं करत गेलं की चार, आठ, सोळा हेच येणार, सहा हवे तर मधे एकदा तीन भाग पाडावेच लागतात. एफोरचा २१ सेंमी चौकोन कापा आणि कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजूचा मध्य हे तुमचं केंद्र. तिथे कंपासपेटीतला कोनमापक ठेवून ६० आणि १२० वर पेन्सिलने रेघा मारा, उजवा पंखा ६०च्या रेघेवर दुमडा, मग डावा १२०च्या रेघेवर त्याच्यावर आणा, कडा जुळल्या पाहिजेत. आता तो कोन उभा अर्धा दुमडा, ३० अंशांची निमुळती घडी, १२ पदर. ही शेवटची घडी टाळू नका, नाहीतर सहाही टोकं सारखी येत नाहीत, एक आड एक वेगळी दिसतात. वर जी शिंगं राहतात ती तिरकी छाटा, जितकं तिरकं तितकं टोक अणकुचीदार.

वाशी_हस्तकला:
घडी नेरुळकरांनी नेमकी सांगितलीये. कागदाचं म्हणाल तर १२ पदरांना ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) झेरॉक्स पेपर मोठ्यांच्या हाताला ठीक, लहानांना पतंगी कागद द्या, डिसेंबरात संक्रांतीच्या पतंगांमुळे दुकानात सहज मिळतो, ठाण्यात जांभळी नाक्याला बघा. कापताना दोन्ही घडीच्या कडांवर थोडी-थोडी जागा न कापता सोडा, एक कड पूर्ण कापली गेली की फूल सुटं होतं. आणि कात्री न फिरवता घडी फिरवा, नखाएवढे त्रिकोण पण स्वच्छ निघतात, हे मुलांना एकदा हात धरून दाखवलं की ती सोडत नाहीत.

ऐरोलीचा_दादा:
सहाच का हे पण सांगा लेकीला. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत जुळतात म्हणून स्फटिकाला सहा बाजू येतात आणि त्यांच्यातून फांद्या फुटतात. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडून हिमकणाचा फोटो काढला, पुढे ५००० हून जास्त काढले. ते फोटो नेटवर आहेत, समोर ठेवून कापा, कल्पना सुचत जातात. सगळे कण असे फुलासारखे नसतात हां, उणे १५ अंशांच्या आसपास फांद्यांचे बनतात आणि उणे ५ च्या जवळ सुया.

घोडबंदरची_आई:
मस्त मस्त, केला एक, सहा टोकं आली!! लेक आता सुया पण कापायच्या म्हणतेय. उलगडल्यावर वळ्या राहतात त्यांचं काय?

वाशी_हस्तकला:
दोन कोऱ्या कागदांमधे ठेवून मंद गरम इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. पतंगी कागदाला जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवलं तरी पुरतं. मग काचेला कोपऱ्यात ग्लूस्टिकचा ठिपका.