मदत हवी आहे : बेस वाजवणाऱ्याने आधी गिटार शिकावी की कीबोर्ड?

गेली चार वर्षे मी बेस गिटार वाजवतो आहे. ठेका सांभाळणे आणि प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर वेळेवर देणे एवढे जमते. परंतु गिटारवादकाने ऐन वेळी कॉर्ड बदलला की माझी बोटे अडखळतात, कारण त्यातले बाकीचे स्वर मला कानाने ओळखता येत नाहीत. मागच्या सरावात सी मेजर (सी, ई, जी या स्वरांचा कॉर्ड) चालू असताना मी चुकून सीऐवजी ई धरला, आणि बेसूर होण्याऐवजी तोच कॉर्ड एकदम अधांतरी वाटू लागला. ही गंमत नीट समजावी म्हणून दुसरे वाद्य शिकण्याचा विचार आहे.

गिटार सोयीची वाटते, कारण बेसच्या ई, ए, डी, जी या चार तारा म्हणजे गिटारच्या चार जाड तारांचेच स्वर, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे स्वरांच्या जागा नव्याने पाठ कराव्या लागणार नाहीत. अडचण हाताची आहे : बेसवर तारेची लांबी साधारण ३४ इंच, तर गिटारवर सुमारे २५ इंच, त्यामुळे ताणून बसलेली बोटे तिथे एकमेकांवर चढतात. कीबोर्डवर डाव्या हाताने बेस धरून उजव्या हाताने कॉर्ड बदलून ऐकता येतो, हे मला अधिक मोलाचे वाटते. ड्रम तूर्त बाजूला ठेवले आहेत. घरचे ऐकणार नाहीत.

रोज पाऊण तासच मिळतो. ज्यांनी बेसनंतर दुसरे वाद्य हाती घेतले, त्यांनी सुरुवात कशाने केली आणि बेसचा सराव किती कमी केला, हे कृपया सांगावे.